कापलेलं भाषण

मालोजीला सिनेमात घेतलं ते त्याच्या जिभेमुळं. खटाव तालुक्यातलं गाव सोडून तो पिंपरीला आला तेव्हा वीस वर्षांचा होता. एका यंत्रसामानाच्या कारखान्यात लेथवर लागून त्याला आता तीन वर्षं झाली होती. कामाला हात चांगला होता, पण कारखान्यात त्याला ओळखायचे ते नकलांसाठी. छप्पनच्या गणपतीत कामगारांच्या कार्यक्रमात त्यानं हिंदुरावांची नक्कल केली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

हिंदुराव लोकल बोर्डाचे मेंबर. पण नुसतं मेंबर म्हटल्यानं त्यांचं वजन कळायचं नाही. त्या वर्षांत पिंपरी-चिंचवडच्या माळावर एकेक कारखान्याची भिंत उठत होती, आणि कुठल्या गेटातून कोण आत जाणार हे हिंदुरावांच्या चिठ्ठीवर ठरत होतं. चार बोटं रुंद कागद आणि खाली वळणदार सही. साताऱ्याकडून आलेली पोरं, चऱ्होली-मोशीची शेतकऱ्यांची पोरं, सगळी त्या कागदासाठी त्यांच्या ओसरीवर दिवसदिवस बसून असायची. हिंदुराव भाषणाला उभे राहिले की धोतराचा सोगा उचलून म्हणायचे, "पोरांनो, तुम्ही माझे हात आहात, तुम्ही माझे पाय आहात." मालोजीनं सोगा तसाच उचलला, आवाज तसाच ओढला आणि पुढचं आपल्या पदरचं जोडलं, "डोक्याची चिंता करू नका. तुम्हा सगळ्यांत मिळून माझं एक पुरे."

मंडप हसून हसून लोळला. हिंदुराव पहिल्या रांगेतच होते आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मालोजी खाली उतरल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मालोजीला त्या दिवशी तो माणूस दिलदार वाटला होता. पुढं कितीतरी दिवस त्याला या गोष्टीचा राग येत राहिला, की आपल्याला तो दिलदार वाटला.

त्याच मंडपात पुण्याचे सोपानराव बसले होते. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली देवादिकांचे सिनेमे काढून ते कंटाळले होते आणि आता त्यांना स्वतःचं चित्र काढायचं होतं, आजच्या दिवसांचं, चावरं. गोष्ट त्यांच्याजवळ तयार होती. एका गावात एक पुढारी आहे. तो गावातल्या चाळीस तरण्या पोरांना काळे चष्मे वाटतो. पोरांना वाटतं, आपण मोठे झालो. ती केसांचे फुगे काढतात, बुशकोट घालतात, बाजारातून रांगेनं हिंडतात आणि पुढाऱ्याची खुर्ची खांद्यावर घेऊन सभेसभेला पोचवतात. चष्म्यातून त्यांना सगळं गाव सावलीत असल्यासारखं दिसतं, कुणी उन्हात मेलेलं दिसतच नाही. त्यांचा म्होरक्या रंगा. शेवटी रंगा चष्मा उतरवतो, खुर्ची खाली ठेवतो आणि पोरांशी बोलतो. पोरं ऐकून घेतात, हसतात आणि खुर्ची उचलून पुढं जातात. चित्राचं नाव 'चाळीस चष्मे'. रंगाचं काम सोपानरावांनी मालोजीला दिलं.

शूटिंग रविवारी व्हायचं, सुट्टीच्या दिवशी, चिंचवडला पवनेच्या काठी. चाळीस पोरं कारखान्यातून आणि आसपासच्या गावांतून जमवली. त्यांत बिरू होता. बिरू चऱ्होलीचा. चिंचवड स्टेशनजवळच्या एका खोलीत तो आणि मालोजी दोघं राहायचे, एका स्टोव्हवर रांधायचे आणि एकाच सायकलवर डबलसीट कामाला जायचे. त्यालाही हिंदुरावांच्याच चिठ्ठीनं नोकरी लागली होती आणि मालोजीलाही.

शूटिंग आटोपलं की चष्मे पेटीत परत ठेवायचे असत. पोरं ठेवायची नाहीत. चष्मे तसेच डोळ्यांवर ठेवून ती स्टेशनापासून पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पापर्यंत हवा खात जायची, हॉटेलात रेडिओ लागला असेल तर दारात ताटकळत उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायांनी मान खाली घातली की एकमेकांना ढोसायची. मालोजी त्यांच्याबरोबर असायचा. न्हाव्याच्या दुकानातल्या आरशात त्यानं स्वतःला चष्म्यासकट बराच वेळ पाहिलं होतं. सिनेमा ज्याची टिंगल करतो आहे तेच आपण रस्त्यावर करतो आहोत, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण चष्मा छान दिसत होता.

शेवटच्या भाषणाचा प्रसंग मार्चमधल्या एका रविवारी घेतला. सोपानरावांनी कागद लिहून दिला होता आणि मालोजीनं तो लेथवर उभं राहून पाठ केला होता. तो खुर्चीवर चढला आणि बोलला.

"पोरांनो, ही खुर्ची आपल्याला जड का लागत नाही? आपण चाळीस जण आहोत म्हणून. एकट्याच्या खांद्यावर आली असती तर पहिल्याच वळणावर फेकून दिली असती. गुलामी चाळिसांत वाटून घेतली की हलकी लागते."

एकदाच घेतलं आणि जमलं. कॅमेरा थांबला तरी घाटावर कुणी बोलेना. बिरूची आई गवराबाई लेकासाठी भाकरी घेऊन चऱ्होलीहून आली होती आणि धुणं धुणाऱ्या बायांत बसून बघत होती. तिनं मालोजीला विचारलं, "आत्ता बोललास ते खरं बोललास का खोटं?"

"पिच्चरमधलं हाय मावशी, लिहून दिलेलं."

"मंग मानसं अशी गप का झाली?"

मालोजीनं हातातला चष्मा पुसला. त्यानं भाकरी घेतली.

चित्र पुरं व्हायला दिवाळी आली. बोर्डाची निवडणूक तीन महिन्यांवर होती. सिनेमात कुणाला चिमटा काढला आहे ही बातमी चिंचवडात केव्हाच फुटली होती आणि आता हिंदुराव काय करतात याकडं सगळ्यांचे कान लागले होते. कुणी म्हणालं, बंदी आणतील. कुणी म्हणालं, सोपानरावांचे पाय मोडतील. हिंदुरावांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी सोपानरावांना आपल्या घरासमोरच्या आमराईत मटणाच्या जेवणाला बोलावलं.

सोपानराव तिथून आले ते हवेत तरंगत. हिंदुराव फार रसिक माणूस आहे असं त्यांनी सांगितलं. चिंचवडच्या माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू होता. तो हिंदुरावांच्या मेहुण्याचा. पहिला खेळ त्याच तंबूत, हिंदुरावांच्या हस्ते, आणि त्याच दिवशी त्यांच्या नव्या नवजवान मंडळाचं उद्घाटन. मालोजीनं विचारलं, की शेवट बघूनसुद्धा ते असं म्हणाले का. सोपानरावांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाले, की सगळं ठरलं आहे, तू काळजी करू नकोस. मालोजीनं गावी आईला पत्र टाकलं, की माझा सिनेमा लागतोय.

खेळाच्या दिवशी दुपारी तंबूतला ऑपरेटर गेनू सायकल हाणत त्याच्या खोलीवर आला. गेनू मशीन चालवायचा, रिळं जोडायचा, तुटलेली फिल्म चिकटवायचा, आणि सिनेमातल्या माणसांबद्दल त्याला भारी आदर होता. त्यानं सायकल दोनदा भिंतीला टेकवली. शेवटी त्यानं सांगितलं, की सकाळी हिंदुरावांचा माणूस दत्तोबा आला होता, सोपानरावांची चिठ्ठी घेऊन. कुठून कुठवर कापायचं ते चिठ्ठीत लिहिलेलं होतं. खुर्ची खाली ठेवायची ती जागा, भाषण आणि त्यापुढचं सगळं. शिवाय मधले दोन तुकडे. दत्तोबा मागं उभा राहिला आणि गेनूनं कात्री चालवली.

"तुकडं कुठं हायती?" मालोजीनं विचारलं.

"जाळलं. तंबूमागं, डांबराच्या पिपात. दत्तोबा म्हनला, माझ्यासमोर जाळ." गेनूनं खाली बघितलं. "वाळल्या गवतावानी भडाडलं. ह्येची दुसरी प्रत बी त्यांच्याच ताब्यात हाय म्हनं."

मालोजी तडक सोपानरावांकडं गेला. ते स्टेशनसमोरच्या धर्मशाळेत उतरले होते आणि संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी कोट झटकत होते. मालोजी ओरडला नाही. ओरडलो तर हात उचलला जाईल असं त्याला वाटत होतं. त्यानं एवढंच विचारलं, की तुम्ही लिहिलेलं तुम्हीच कसं कापून दिलं.

सोपानराव पलंगावर बसले. "मालोजी, शेवट गेला, पण चित्र राहिलं," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं तर चित्रच गेलं असतं. बारा वर्षं थांबलोय मी. लोक शहाणे असतात. काय सांगायचंय ते त्यांना शेवटाशिवायही कळेल."

"काय कळंल? शेवटाबिगर ह्यो सिनेमा म्हंजे चष्मे घाला आन् खुर्ची उचला."

सोपानराव उठले. त्यांनी कोटाला ब्रश मारायला घेतला. मालोजी बाहेर पडला तेव्हा त्याचे कान तापले होते, आणि रस्त्यानं जाताना दोन ओळखीची माणसं हाका मारत होती तरी त्याला त्या ऐकू आल्या नाहीत.

खेळाला जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी दिवेलागणीला तो गेलाच. तंबूच्या तोंडाशी टेबल मांडलं होतं. टेबलावर काळ्या चष्म्यांचा ढीग. आत जाणाऱ्या प्रत्येक तरण्या पोराचं नाव वहीत लिहून घेत होते आणि त्याच्या हातात चष्मा देत होते. देणारा बिरू होता. नवा बुशकोट, छातीवर मंडळाचा बिल्ला. त्याला मंडळाचा कप्तान नेमल्याचं त्यानं खोलीवर सांगितलं नव्हतं.

त्यानं मालोजीपुढं चष्मा धरला. मालोजीनं तो घेतला नाही. बिरूनं तो पुढच्या पोराला दिला आणि म्हणाला, की आत पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय.

तंबू गच्च भरला होता. चारपाचशे माणूस असेल. पुरुषांकडची निम्मी पोरं चष्मे लावून अंधारात बसली होती आणि काही दिसत नसल्यानं खिदळत होती. पडदा उजळला. आधी एक पाटी आली, की हे चित्र तरुणांचे आधारस्तंभ हिंदुराव यांच्या कृपेनं दाखवलं जात आहे. मग सिनेमा सुरू झाला.

आणि तो चांगला होता. हेच मालोजीला सोसवेना. सोपानरावांना कसब होतं. पोरं रांगेनं चालत येतात ते दृश्य इतकं देखणं आलं होतं, की तंबूत शिट्ट्या झाल्या. बँड होता, गाणं होतं. शूटिंगच्या वेळी सोपानराव सांगायचे, की चाल अशी ठेवा की बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे. आता कुणी हसत नव्हतं. पोरं मोहून बघत होती. पुढाऱ्याची खुर्ची खांद्यावर चढली, रंगा सगळ्यांच्या पुढं चालू लागला, कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ आला. चष्मा लावलेला मालोजी पडद्यावर हातभर लांब हसला, बँड वाजला आणि 'समाप्त' अशी अक्षरं आली.

तंबू टाळ्यांनी दणाणला.

दिवे लागले. पडद्यापुढच्या फळ्यांच्या मंचावर हिंदुराव चढले आणि माइक हातात घेतला. आजचा तरुण कसा असावा ते या चित्रानं दाखवलं, असं त्यांनी सांगितलं. शिस्त, एकजूट आणि वडिलधाऱ्यांचा भार आनंदानं उचलण्याची तयारी. मग त्यांनी पहिल्या रांगेकडं हात केला. "आपला रंगा इथं बसलाय. ये रे, मालोजी. ये वर. लाजू नकोस."

दत्तोबा हार घेऊन तयार होता. मालोजी उठला. वर जाईपर्यंत आपण काय करणार हे त्याला ठाऊक नव्हतं. हार गळ्यात पडला, हिंदुरावांनी त्याच्यापुढं माइक धरला आणि हळूच म्हणाले, "दोन शब्द बोल."

जाळलेला तुकडा आता फक्त त्याच्या तोंडात होता. त्यानं माइक हातात घेतला आणि पहिल्या शब्दापासून बोलायला लागला. खुर्ची जड का लागत नाही. आपण चाळीस जण आहोत म्हणून. पोरांना वाटलं, सिनेमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मालोजीचा आवाज चढला. गुलामी चाळिसांत वाटून घेतली की हलकी लागते, हे वाक्य आलं तेव्हा पुढच्या दोन-तीन रांगांतल्या टाळ्या थांबल्या. मागं एक म्हातारा उठून उभा राहिला. हे सिनेमातलं नाही, आपल्यालाच आहे, असं काही जणांच्या ध्यानात आलं, आणि ते हिंदुरावांनासुद्धा कळलं.

आणि हिंदुराव हसले. डोकं मागं टाकून, पोट धरून, गणपतीत हसले होते तसेच. हसता हसता त्यांनी टाळ्या पिटल्या. दत्तोबा हसला, सोपानराव हसले, आणि मग तंबूतले सगळे चष्मे हसले. मालोजी बोलतच होता, पण त्याचा एकही शब्द पुढच्या खांबापलीकडं पोचत नव्हता. मारलं असतं तर त्याला परवडलं असतं. माणूस तळतळून बोलतोय आणि समोरचे त्याला दाद देतायत, याच्यापुढं त्याला काही सुचेना. त्यानं हार तोडून खाली टाकला.

"हसू नका," तो म्हणाला. "मी नक्कल करत न्हाई."

त्यावर हशा आणखी मोठा झाला. बिरू आणि दोन पोरं वर आली, त्याला दंडाला धरून हसत हसत खाली उतरवलं आणि तंबूबाहेर सोडलं. धरताना बिरूची बोटं चांगली रुतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटावर हजेरीच्या फळीत मालोजीचं कार्ड नव्हतं. पहारेकरी चिमाजी चार वर्षं त्याच्याशी रोज तंबाखू वाटून खायचा. त्यानं फळीकडं बघितलं, मालोजीकडं बघितलं आणि सांगितलं, की कार्ड नसल्यावर मला आत सोडता येत नाही, तू आमराईत जाऊन ये.

आमराईत हिंदुराव दाढी करून घेत होते. त्यांनी मालोजीला बसायला सांगितलं, चहा मागवला. रागाचं नाव नाही. काल तू मजा आणलीस, असं म्हणाले. मंडळाला बोलणारा माणूस हवा आहे, गावोगाव सिनेमाबरोबर फिरायचं, पडदा उघडायच्या आधी चार शब्द बोलायचे. कार्ड उद्याच फळीवर येईल आणि कारखान्यात नुसती सही करायला जायचं.

मालोजी म्हणाला, की मला जमणार नाही.

न्हाव्यानं वस्तरा थांबवला. हिंदुरावांनी तोंडाचा साबण पुसला आणि पहिल्यांदाच न हसता त्याच्याकडं पाहिलं. "कालपासून फार ताठ चालतोयस," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी याच झाडाखाली तीन दिवस बसला होतास. कुणाच्या चिठ्ठीवर आत गेलास, आठवतंय का?"

हे बरोबर वर्मी लागलं. कारण ते खरं होतं. ते तीन दिवस त्याला आठवत होते, तिसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळाल्यावर आपण या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं होतं तेही आठवत होतं.  समोरच्या माणसाचा राग होताच, पण त्या झाडाखाली बसलेल्या पोराचा त्याहून जास्त राग त्याला आला.

"तुमच्याच," तो म्हणाला. "त्याची लाज वाटायला चार वर्षं लागली, ही माझी चूक. तुमची चिठ्ठी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

चहा आला होता, तो तसाच ठेवून मालोजी निघाला.

खोलीवर तो ट्रंक भरत होता तेव्हा बिरू शिफ्ट संपवून आला. त्यानं डबा कोपऱ्यात ठेवला. मग मालोजीनं विचारलं, की चष्मे वाटताना तुला काहीच वाटलं नाही का. नदीवर तू माझ्या शेजारी उभा होतास. भाषण ऐकलं होतंस.

"ऐकलं व्हतं," बिरू म्हणाला. तो खाटेवर बसला. "पर ते तुजं व्हतं का? सोपानरावानं लिहून दिलं, तू म्हनून दाखवलं. ज्यानं लिहिलं त्योच इकून मोकळा झाला आन् तू त्याचं बोल धरून नाचतोस. मला कप्तान कुनी लिहून दिलं न्हाई. म्या सोता हो म्हनलो. आमच्या घरात चार पोरं हायती, येकालाच काम लागलंय. बाकी तिघांची चिठ्ठी कोन देनार, तू?"

मालोजीनं त्याच्या कानफटात मारली. बिरू उठला, पण त्यानं हात उगारला नाही. गालावर हात ठेवून तो बघत राहिला. मालोजीनं ट्रंक उचलली. स्टेशनपर्यंत चालत जाताना त्याला वाटत होतं, आपण चुकीच्या माणसाला मारलं. ज्याला मारायला पाहिजे होतं त्याच्यासमोर आपण बसलो आणि उठून आलो.

तळेगावला एका काचकारखान्यात त्याला काम मिळालं. तिथं चिठ्ठी लागली नाही, कारण भट्टीसमोरचं ते काम करायला फार कुणी येतच नव्हतं. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन पळायचं. महिन्याभरात त्याच्या भुवया जळून गेल्या. लेथवरचा त्याचा हात तिथं काही कामाचा नव्हता.

पण सिनेमानं त्याची पाठ सोडली नाही. निवडणुकीसाठी 'चाळीस चष्मे' गावोगाव फिरत होता. बैलगाडीतून मशीन जायचं, देवळाच्या पटांगणात पडदा बांधायचा आणि पाठोपाठ हिंदुरावांची सभा. तळेगावच्या बाजारात पोरं मालोजीला ओळखायला लागली. "रंगा, चष्मा कुटंय?" म्हणून मागं लागायची. चहाच्या हॉटेलात एकानं त्याला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत आणि सांगितलं, की तुमचा सिनेमा बघून आमचा पोरगा मंडळात गेला. अगदी कौतुकानं सांगितलं. मालोजीनं पैसे टेबलावर ठेवले आणि तो उठला. तो भट्टीपुढं घाम गाळत असायचा आणि त्याच वेळी कुठल्यातरी गावात त्याचंच तोंड पडद्यावर हातभर हसून हिंदुरावांसाठी मतं मागत असायचं. आपलंच थोबाड आपल्याला परत मागता येत नाही, असा राग त्यानं कधी ऐकलाही नव्हता. कुणाजवळ बोलावं तर लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, सिनेमात आलास.

जानेवारीत त्याला कळलं, की शनिवारी चाकणच्या आठवड्याच्या बाजारात संध्याकाळी सिनेमा आहे. त्यानं सुट्टी टाकली. सकाळीच तो चाकणला पोचला. कांद्याच्या वखारींसमोर गाड्या सुटलेल्या होत्या, बैल धुरेला बांधलेले, माणसांची ही गर्दी. लक्ष्मणराव नावाच्या कांद्याच्या अडत्याला त्यानं विचारलं, की तुमच्या गाडीवर थोडा वेळ उभा राहू का. लक्ष्मणरावांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "रंगा का तू?" ते म्हणाले. "राहा की. माल तेवढा तुडवू नको."

रंगा आलाय म्हटल्यावर गर्दी जमायला वेळ लागला नाही. मालोजी गाडीवर चढला आणि भाषण सुरू केलं. पोरांनो, ही खुर्ची आपल्याला जड का लागत नाही. दोन वाक्यं झाली आणि तो अडखळला. विसरला नव्हता. पण सोपानरावांचा तो विडा भरलेला गाल त्याला दिसायला लागला, आणि ते शब्द त्याच्या तोंडात परक्या घरच्या जेवणासारखे फिरायला लागले. बिरूचं बोलणं खरं होतं. हे भाषण त्याचं नव्हतं. खाली माणसं वाट बघत होती. कुणीतरी हसायच्या तयारीत होतं.

"हे मला लिहून दिल्यालं हाय," तो म्हणाला. "हे ऱ्हाऊ द्या. मी माझंच सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. आमराईतले तीन दिवस सांगितले. पायांवर डोकं ठेवलं ते सांगितलं. न्हाव्याच्या आरशात चष्मा घालून स्वतःला बघितलं आणि आवडलं, तेही सांगितलं. शेवट कसा कापला आणि कुठं जाळला, गेटावर कार्ड कसं नव्हतं, आणि कुणाच्या घरात चार पोरं असली की चिठ्ठीवाला त्यांतल्या एकालाच काम देतो, म्हणजे उरलेले तिघं जन्मभर त्याच्या ओसरीवर बसतात. हे शेवटचं बोलेपर्यंत त्यालाही नीट कळलेलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कळलं. नकला नव्हत्या, चढउतार नव्हता, मधेच शब्द सापडत नव्हते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण गाडीजवळची माणसं हललीही नाहीत. एका शेतकऱ्यानं डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवली आणि विचारलं, की म्हणजे कामं जास्त असली तरी तो एकच चिठ्ठी देणार का. मालोजी म्हणाला, "व्हय. एकच."

दुपारपर्यंत मंडळाच्या पोरांना बातमी लागली. पंधरावीस जण आले, बिरू त्यांच्या पुढं. त्यांनी मालोजीला गाडीवरून ओढलं. पहिला ठोसा कुणाचा होता ते मालोजीला कळलं नाही. खालचा एक दात तुटला आणि तोंड रक्तानं भरलं. लक्ष्मणराव तराजूची लोखंडी दांडी घेऊन मधे पडले, आणखी चारदोन माणसं धावली, तेव्हा पोरं मागं सरली. बिरूनं हात लावला नव्हता, पण कुणाला अडवलंही नव्हतं. जाताना तो मालोजीजवळ वाकला आणि पुटपुटला, "तिघांचं तू सांगाया नको व्हतंस. ते माज्या घरातलं व्हतं."

"तुझ्याच घरातलं न्हाई," मालोजी म्हणाला. तोंड सुजलं होतं, शब्द फुटत नव्हते. "समद्यांच्या घरातलं हाय."

बिरू सरळ उभा राहिला आणि पोरांच्या मागं निघून गेला.

फेब्रुवारीत निवडणूक झाली. हिंदुराव चांगल्या मतांनी निवडून आले. चाकणच्या पेटीत त्यांना मतं कमी पडली असं लोक म्हणत, पण त्यानं काही बिघडलं नाही. चिंचवडपासून स्टेशनपर्यंत मिरवणूक निघाली, चारशे पोरं बँडच्या मागं नाचली. सोपानरावांना मुंबईहून दुसऱ्या चित्राचं बोलावणं आलं. मालोजीला हे सगळं गेनूकडून कळलं. गेनू आता तळेगावच्या तंबूत कामाला आला होता. मालोजी त्या वेळी भट्टीसमोर होता. त्यानं नळी बाजूला टेकवली, बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटली आणि बोटांची सालं निघाली तसा परत कामाला उभा राहिला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा चाकणला गेला. दाताच्या जागी अजून दुखत होतं. बाजारातली माणसं त्याला ओळखत होती, पण रंगा म्हणून कुणी हाक मारली नाही. एका बाईनं त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मग तो रिकाम्या गाडीवर चढला आणि जमतील तेवढ्या माणसांपुढं बोलायला लागला.